आडमुठ्याची मोजणी

टेलरबाईंना डोंगर आवडत नाहीत, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण शिलाई मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून त्या ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या. डोंगरांनी त्यांचं काही घोडं मारलं नव्हतं. फक्त नवरा पळवला होता, तोही दर रविवारी, लग्नाच्या पुढच्याच आठवड्यापासून.

नवरा म्हणजे शिखरराव. हे नाव काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. ते ठेवलं बाईंच्या नणंदेनं, म्हणजे त्यांच्याच सख्ख्या धाकट्या बहिणीनं, आणि ते असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा त्याच नावानं हाक मारायचा. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते कारकून होते. सोमवार ते शनिवार इतका सरळ माणूस की टेबलावरची पट्टीसुद्धा कडेला समांतर ठेवायचे. शनिवारची संध्याकाळ झाली की मात्र अंगात यायचं. पिशवी भरायची, दोरी तपासायची, बुटांना चरबी चोळायची आणि पहाटे दार हळूच ओढून घेऊन पसार व्हायचं. हळूच कशासाठी, तर बायकोची झोप मोडू नये. बाई दर वेळी जाग्याच असायच्या.

गावातल्या गिर्यारोहण मंडळाची एक यादी होती, सत्तरएक शिखरांची. ती सगळी ज्याची चढून झाली तो माणूस 'पूर्ण'. मंडळाच्या खोलीत पूर्ण झालेल्यांची पितळी पाटी होती आणि तिच्यावर नावं इनमीन चार. पाचवं नाव आपलं असावं, एवढी एकच हाव शिखररावांना होती. बढतीची नव्हती, बंगल्याची नव्हती, कसलीच नव्हती. बाई म्हणायच्या, "लोकांचे नवरे पत्ते कुटतात, पितात, काहीतरी रीतसर करतात. आमचे हे दगडाला मिठ्या मारतात. बोलायची सोय नाही."

आता यादीत कुठलं शिखर बसतं आणि कुठलं नाही? तुम्हाला वाटेल, उंच असलं की झालं. तिथेच तुम्ही फसता. उंचीची अट आहेच, पण ती शेंबड्या पोरालाही कळते. खरी मेख दुसऱ्या अटीत, म्हणजे उठावात. ह्या उठावानं बाईंच्या संसारातले किती नाश्ते गार केले त्याला गणती नाही. शिखरराव उशी मांडीवर घ्यायचे, मधोमध मूठ दाबायचे, की दोन कडांना दोन डोंगर तयार.

"हा थोरला, हा धाकटा. आता धाकट्याला वेगळं शिखर म्हणायचं, की थोरल्याचाच खांदा? तर धाकट्यावरून थोरल्याकडे जाताना मध्ये किती खाली उतरावं लागतं ते बघायचं. मधली ती खिंड. खिंडीपासून धाकटा जेवढा वर उठला, तेवढा त्याचा उठाव. शंभर मीटर भरला तर त्याचं बिऱ्हाड वेगळं, नाव यादीत. वीतभर जरी कमी पडला, तरी तो थोरल्याच्याच घरात जेवतो. नाव नाही."

"म्हणजे घरजावई," बाई म्हणायच्या आणि चहा ओतायच्या.

एकदा त्यांनी चुकून विचारलं होतं, की खिंड म्हणजे नेमकी कुठली जागा? चुकूनच. उत्तर दुपारपर्यंत चाललं. त्यातलं एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं, की दोन्ही डोंगरांवरून पाणी घरंगळत येतं, मध्ये येऊन थबकतं, आणि मग अर्धं ह्या खोऱ्यात उतरतं, अर्धं त्या. थबकतं ती जागा. तिथून मोजायचं, हातभर इकडे नाही की तिकडे नाही.

अशी वर्षं गेली. शिखरराव निवृत्त झाले, केस पिकले, यादी संपत आली आणि एक दिवस यादीत एकच शिखर उरलं. त्याचं नाव आडमुठा. नावाप्रमाणेच होता. शेजारचा थोरला डोंगर कसा सज्जन, वरपर्यंत वाट, वर बसायला सपाटी. हा मात्र खिंडीतून सरळ वर उठलेला, आणि शेवटी दगडात एक उभी चीर, तिच्यातून पाठ आणि पाय रेटत चढायचं. शिखरराव तिथून तीनदा परत आले होते, एकदा पावसामुळे, एकदा धुक्यामुळे आणि एकदा जोडीदाराचा पाय मुरगळला म्हणून. बरं, हा आडमुठा यादीत बसला होता तोही कसा, तर काठावर पास. उठाव शंभर मीटर आणि वर एक वीत.

आणि नेमकं तेव्हा शिखररावांच्या हृदयानं दगा दिला. भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना ते पायरीवर बसले, ते उठेचनात. इस्पितळ झालं, छाती उघडून झाली, ती परत शिवूनही झाली. बाईंनी टाके बघितले आणि म्हणाल्या, घाईघाईत घातलेत. हृदयाचे डॉक्टर मितभाषी होते. ते म्हणाले, "जिना चढा, सावकाश. डोंगर विसरा. विसरला नाहीत तर मला दोष देऊ नका." शिखरराव हो हो म्हणाले. मान इतकी हलवली की डॉक्टरांनाही बरं वाटलं.

बाईंना बरं वाटलं नाही. त्या ह्या मानेला ओळखून होत्या. घरी आल्यावर ज्या माणसानं जन्मात वाळत घातलेला रुमाल काढला नव्हता, तो दिवसातून चारदा गच्चीवर कपडे आणायला जाऊ लागला. एकदा बाई मागोमाग गेल्या. दोरीवर एकही कपडा नव्हता आणि शिखरराव कठड्याला धरून, तोंडानं फू फू करत, मनगटावर बोटं ठेवून उभे होते.

"काय मोजताय?"

"काही नाही. हवा चांगली आहे."

त्या दिवशी बाई खाली येऊन मशीनपुढे बसल्या आणि पायडलवर पाय ठेवायचं विसरल्या. भीती वाटत होती, दुसरं काय. हा माणूस एका रविवारी हळूच दार ओढून घेणार आणि चौघांच्या हातांवर खाली येणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं. बरं, नको म्हणून बघावं तर इस्पितळात तेही करून झालं होतं. 'आता डोंगर बंद' असं त्या नुसतं म्हणाल्या, तर शिखरराव भिंतीकडे तोंड करून पडले ते दोन दिवस जेवले नाहीत. गेले तरी पंचाईत, न गेले तरी पंचाईत.

नणंद आली तेव्हा बाईंनी सगळं तिच्या पदरात टाकलं. ही नणंद विधवा, जिभेनं तिखट आणि कुठल्याही उचापतीला एका पायावर तयार. ती टेबलावरच्या कापडाच्या चिंध्या चिवडत म्हणाली, "वहिनी, दादाला हलवता येत नाही ना? मग डोंगर हलवू या."

"वन्सं, थट्टा सुचतेय तुम्हाला."

"थट्टा नाही. आडमुठा यादीत कशाच्या जोरावर आहे? एका वितीच्या. ती वीत गेली की आडमुठा गेला. आडमुठा गेला की दादा पूर्ण, घरबसल्या. तुमचा जन्म कापडातली वीत वीत काढण्यात गेला आणि डोंगरातली काढता येत नाही?"

बाईंनी पहिल्यांदा तिला वेड्यात काढलं. मग मशीन चालवता चालवता विचार केला. ती वीत मोजली होती कधी, तर बाईंच्या लग्नाच्याही आधी, दुर्बिणीच्या जुन्या यंत्रानं, आणि मोजणारे दोघेही आता वर गेले होते, डोंगरांच्याही वर. आजकाल उपग्रहाशी बोलणारी यंत्रं निघाली होती. मंडळाचा नियम असा, की कुणाही सभासदानं अर्ज केला तर शिखराची फेरमोजणी करायची. फक्त सभासद व्हायला यादीतलं निदान एक शिखर चढलेलं हवं.

यादीत एक शिखर होतं आळशी नावाचं. तिथे गाडीरस्ता जवळजवळ वरपर्यंत जातो, पुढे अर्ध्या तासाची पायवाट. एका सकाळी बाई "अस्तराचं कापड बघून येते" म्हणून निघाल्या आणि नणंदेला घेऊन आळशीच्या पायथ्याशी बसमधून उतरल्या. पायात दुकानातल्या चपला. पहिल्या वळणावर बाई बसल्या, दुसऱ्या वळणावर बसल्या आणि तिसऱ्यावर म्हणाल्या, ह्या यादीवाल्यांचं वाटोळं होवो. नणंद पुढून ओरडत होती, "चला वहिनी, कापड संपेल." वर पोचल्यावर एका अनोळखी जोडप्याकडून पुरावा म्हणून फोटो काढून घेतला. फोटोत बाईंचा चेहरा दात काढून आणल्यासारखा आहे.

पण फोटो काढून झाल्यावर त्या लगेच उतरल्या नाहीत. खाली गाव होतं, नदीचा वाकलेला पट्टा होता, आणि पलीकडे एकामागे एक डोंगर. इतकी वर्षं ज्यांची नावं कानावर आदळत होती ते सगळे तिथे उभे होते. वाऱ्यानं घाम वाळत होता आणि छातीत काहीतरी हलकं हलकं वाटत होतं. बाईंना स्वतःचाच राग आला. "वन्सं," त्या म्हणाल्या, "मला हे आवडलं, हे बाहेर कुठे बोललात तर बघा."

दोघी सभासद झाल्या आणि बाईंचा अर्ज गेला. मंडळानं फेरमोजणीची सूचना सगळ्या सभासदांना धाडली. शिखररावांनी ती वाचली आणि बाई कात्री हातात धरून वाट बघत बसल्या, की आता भडका उडणार.

भडका कसला, शिखररावांचे डोळे भरून आले. "तू आळशीवर गेलीस? चपलांवर? आणि अर्ज केलास? माझ्या शेवटच्या शिखरावर कुणी बोट ठेवायला नको म्हणून?" बाईंनी समोरच्या कापडात कात्री घातली. शिखरराव मात्र बाहेर पडले ते वाण्याला, न्हाव्याला, पोस्टमनला, दिसेल त्याला सांगत सुटले, की आमच्या हिनं आळशी सर केला. एवढ्या वर्षांत त्यांनी बायकोचं असं कौतुक केलं नव्हतं. बाईंना ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पाऊल मागे घेतलं नाही. लाज परवडते, विधवापण परवडत नाही, असं त्यांनी नणंदेला सांगितलं. नणंद म्हणाली, बरोबर आहे, मला विचारा.

मोजणीला अर्जदारानं हजर राहायचं असा नियम. ज्याचा हितसंबंध आहे त्या सभासदानं हजर राहायचं नाही, असाही नियम, आणि तो लिहिला होता खुद्द शिखररावांनी. तेव्हा ते घरी बसले. बायकोचाही हितसंबंध असू शकतो, हे नियम लिहिताना कुणाच्या गावी नव्हतं.

ठरल्या दिवशी मंडळी खिंडीत पोचली. मोजणीचे प्रमुख भूगोलमास्तर. शाळेत नकाशे शिकवायचे, आणि त्यांची मोजणी चुकली असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. मंडळाचे अध्यक्ष दंतवैद्य होते, दणकट गडी. ते दोन तरण्या सभासदांना घेऊन, एक यंत्र पाठीला बांधून, आडमुठ्यावर गेले. शिखराची उंची ते घेणार आणि खिंडीची मास्तर. बाई आणि नणंद मोठ्ठी टोपली घेऊन आल्या होत्या. मास्तर म्हणाले, एवढं कशाला? बाई म्हणाल्या, "मोजणाऱ्याचं पोट रिकामं नको. माप चुकतं."

खिंड म्हणजे बाईंना वाटलं होतं दोन भिंतींमधली फट. निघाली भली रुंद, गवताळ, उंचवट्याखळग्यांची. कुठला खळगा सगळ्यात खाली हे नुसत्या डोळ्यांना कळायचं कामच नाही. बाईंनी हात धुवायच्या निमित्तानं तांब्या घेतला आणि इथे थोडं ओत, तिथे थोडं ओत असं करत फिरल्या. एका जागी पाणी पसरलं, थबकलं आणि मग एक ओघळ इकडे गेला, एक तिकडे. बाईंना हसू आवरेना. "वन्सं, मेणकापड आणा."

दुकानातल्या कापायच्या टेबलावरचं निळं मेणकापड त्या घडी करून घेऊन आल्या होत्या. ते त्या जागेवर पसरलं. त्यावर चादर, चादरीवर पाव, लोणी, उकडलेले बटाटे, मिठाची पुडी आणि मधोमध उकडलेल्या अंड्यांचा डोंगर.

"इथे ओल आहे हो," मास्तर म्हणाले.

"म्हणून तर मेणकापड. आणि इथे वारा लागत नाही."

मास्तर यंत्राची तीन पायांची तिकाटणी खांद्यावर घेऊन उभे. त्यांनी खिंडीकडे बघितलं, मग चादरीकडे, मग अंड्यांकडे. सकाळपासून पोटात काही नव्हतं. यंत्राला एका जागी तासभर उभं ठेवावं लागतं, तेवढ्या वेळात जेवण होणार होतं. चादर उचला म्हणायचं तर सगळं उचलायला लागणार, आणि नणंदेनं तोवर त्यांच्या हातात मीठ लावलेलं अंडं ठेवलं होतं. मास्तरांनी तिकाटणी चादरीच्या अलीकडच्या उंचवट्यावर रोवली. म्हणाले, "ही जागा ठीक वाटते."

"तुम्ही म्हणाल ती," बाई म्हणाल्या. एवढी नम्रता त्यांच्या तोंडी नणंदेनंही कधी ऐकली नव्हती. नणंदेला ठसका लागला आणि पाठीत धपाटे घालायला लागले.

नियमाप्रमाणे मास्तरांनी यंत्राचा फोटो काढला. दंतवैद्य वरून उतरले तेव्हा तीन बटाटे उरले होते.

पंधरवड्यानं निकाल आला. आडमुठ्याचा उठाव शंभर मीटरला दोन बोटं कमी. आडमुठा यादीतून बाद. ओघानंच शिखरराव पूर्ण. पितळी पाटीवर पाचवं नाव कोरायला पाटी कारागिराकडे गेली, सत्काराची तारीख ठरली, आणि घरी येणाऱ्याजाणाऱ्यांची रीघ लागली. बाईंनी सगळ्यांना चहा दिला. शिखररावही हसत होते, पण ते हसू बाईंना बेतशीर वाटलं. गच्चीवर जाणं मात्र थांबलं. बाईंना वाटलं, जिंकलो.

मग मंडळाचं वार्तापत्र आलं, आणि त्यात तो फोटो छापलेला. शिखरराव त्यावर भिंग धरून बसले ते बसलेच. बाई बाह्या जोडत होत्या.

"अगं, हे मेणकापड आपलं ना?"

"हो."

"कुठे अंथरलं होतंस?"

"खिंडीत. जिथे वारा नव्हता तिथे."

शिखररावांनी भिंग फोटोच्या आणखी जवळ नेलं आणि शांतपणे म्हणाले, "अंडी यंत्राच्या पायापेक्षा खाली आहेत."

बाईंनी मशीन थांबवलं. खोटं बोलायला जागा होती. मास्तरांनी निवडली जागा, मला काय कळतं डोंगरातलं, असं म्हटलं असतं तर खपलं असतं. पण त्यांनाच ते नको झालं.

"आहेत. मीच ठेवली. मुद्दाम ठेवली. तांब्यानं पाणी ओतून, थबकतंय कुठे ते बघून ठेवली. मला तुम्ही चौघांच्या हातांवर आलेले नको होतात. तुम्हाला सांगून काही उपयोग होता? डॉक्टरांपुढे मान हलवलीत आणि गच्चीवर जाऊन श्वास मोजलेत. मी रोज ऐकत होते जिना. वर गेलेला पाय खाली येईपर्यंत माझी सुई चालत नव्हती. मग काय करणार होते मी? काढला डोंगर."

शिखररावांनी भिंग खाली ठेवलं. "मला वाटलं, तुला आवडायला लागलं," ते म्हणाले. "आळशीवर गेलीस, अर्ज केलास. मी गावभर सांगत फिरलो."

"आवडलंही," बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. "तेच तर मेलं जास्त लागतंय."

बाहेर एक गिऱ्हाईक आलं, दारातून आत डोकावलं आणि उद्या येतो म्हणून गेलं.

"मला सभेत सांगावं लागेल," शिखरराव म्हणाले. "न चढलेल्या डोंगराची पाटी मी नाही लावून घेणार."

"सांगा. म्हणजे आडमुठा परत यादीत. म्हणजे तुम्ही परत जिन्यावर. मग एक दिवस हळूच दार ओढून घ्या आणि जा. मी जागीच असेन, नेहमी असते तशी."

शिखररावांनी तिच्याकडे चमकून बघितलं. ही दर पहाटे जागी असते, हे त्यांना इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. पण जाणार की नाही, यावर ते अवाक्षर बोलले नाहीत. सत्काराच्या दिवसापर्यंत बोलले नाहीत. बाईंनी त्या दिवसांत दोन कोटांच्या बाह्या उलट्या जोडल्या.

सत्काराला मंडळाची खोली गच्च भरली होती. नकाशांनी मढलेल्या भिंती, लाकडी बाकं आणि टेबलावर कापडाखाली झाकलेली पितळी पाटी. बाई नणंदेशेजारी पहिल्या बाकावर होत्या. दंतवैद्य बोलायला उठले, तर शिखररावांनी त्यांना हातानं खाली बसवलं.

"ही पाटी उघडू नका. मोजणी चुकली आहे. खिंडीची खरी जागा चादरीखाली होती. यंत्र तिच्या वर, उंचवट्यावर उभं होतं, म्हणून उठाव कमी भरला. आडमुठा यादीतच आहे आणि माझं एक शिखर राहिलेलं आहे."

एकच कालवा उठला. भूगोलमास्तर ताडकन उभे राहिले. त्यांची मोजणी, आणि चुकेल? शिखररावांनी फोटो आणि भिंग पुढे सरकवलं. मास्तरांनी बघितलं, परत बघितलं, कानापर्यंत लाल झाले आणि भिंग ठेवून बारीक आवाजात म्हणाले, "मला भूक लागली होती."

"चादर तिथे कुणी घातली?" मागून कुणीतरी विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या.

हिला काढून टाका, असा सूर निघाला. तेव्हा शिखररावांनी नियमांचं पुस्तक उघडलं. त्यातले बरेचसे नियम त्यांनीच लिहिलेले होते. पुस्तक चाळत ते म्हणाले, "मोजणीच्या जागी जेवायला बसू नये, असं ह्यात कुठेही नाही. यंत्राची जागाही अर्जदारानं निवडलेली नाही. सभासदानं कुठला नियम मोडला ते दाखवा, मग काढा." पुस्तक हातोहात मागच्या बाकापर्यंत जाऊन परत आलं. शेवटी नवा नियम एकमतानं मंजूर झाला, की फेरमोजणीच्या दिवशी खिंडीत अंथरूण घालू नये व उकडलेल्या वा अन्य कोणत्याही पदार्थांचे वाटप मोजणी संपेपर्यंत करू नये. 'उकडलेल्या' हा शब्द मास्तरांच्या आग्रहावरून घातला. नणंदेनं दोन्ही हात वर करून मत दिलं, त्यातला एक मोजला नाही.

आडमुठा परत यादीत आला. पाटी पाचव्या नावाची ओळ घासून काढायला परत जायची ठरली. मग दंतवैद्यांनी घसा साफ केला आणि सगळ्यांच्या ओठांवर होतं ते विचारलं.

"मग शिखरराव, आडमुठ्यावर कधी?"

बाईंनी मांडीवरच्या पिशवीचा बंद आवळून धरला. त्यांना वर बघवेना. ते काय म्हणणार हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

शिखरराव टेबलाला धरून उभे होते. "तयारी केली होती," ते म्हणाले. "बूट चरबी लावून ठेवलेत. नकाशावर खुणा केल्यात. जिना चढून चढून दम पण वाढवलाय. नाही जाणार." मग बाईंकडे वळले. "माझ्या यादीत एक कमी राहिलं तर राहू दे. हिच्या घरात एक कमी व्हायला नको."

टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणालाच कळेना. नणंद पदरानं डोळे पुसायला लागली. बाईंचेही डोळे वाहत होते आणि नाक चोंदलं होतं. पण त्या शनिवारची संध्याकाळ ओळखून होत्या, आणि ही मान पण ओळखून होत्या. त्या उठल्या, तडक टेबलापाशी गेल्या आणि इतिवृत्ताची वही मास्तरांपुढे सरकवली.

"मास्तर, हे लिहून घ्या."

"बाई, भावना इतिवृत्तात घेत नाहीत."

"भावना नाही, ठराव आहे. नाही जाणार, एवढंच लिहा. तारीख घाला आणि खाली ह्यांची सही घ्या."

मास्तरांनी अध्यक्षांकडे बघितलं, अध्यक्षांनी छताकडे. मास्तरांनी लिहिलं. शिखररावांनी खिशातून चष्मा काढला, शब्द न् शब्द वाचला, बायकोकडे एकदा बघितलं आणि सही केली. शाई वाळेपर्यंत बाईंनी वहीवरचा हात काढला नाही.